फुकट म्हणजे मुक्त नव्हे : सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा इतिहास आणि आपली निवड

आयटीत काम करणारा किंवा कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकणारा आपला तरुण जेव्हा स्वतःचा कोड इंटरनेटवर टाकतो, तेव्हा त्याच्यासमोर एक छोटा रकाना येतो : परवाना निवडा. बहुतेक जण यादीतला सर्वांत आखूड परवाना, म्हणजे एमआयटी, निवडून पुढे जातात. कित्येक जण रकाना रिकामाच ठेवतात. "आपल्याला कुठे पैसे कमवायचे आहेत? घेऊ दे ज्याला घ्यायचे त्याला," असे म्हणून विषय संपतो.

मित्रांनो, विषय तिथे संपत नाही. श्रम एकाचे आणि त्या श्रमावर कुलूप दुसऱ्याचे, हा व्यवहार जगात कायद्याने कसा चालतो आणि कायद्यानेच कसा रोखता येतो, याचा पन्नास वर्षांचा इतिहास त्या एका रकान्यामागे आहे. तो माहीत नसेल तर आपण आपले काम नकळत कोणाच्या तरी पदरात टाकून मोकळे होतो.

आधी रिकाम्या रकान्याबद्दल. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रॅम कॉपीराईट कायद्यातल्या 'साहित्यकृती'च्या व्याख्येत आला. साहित्यकृतीवरचा हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. म्हणजे परवाना न देता टाकलेला कोड लोकांना दिसतो, पण कायद्याने वापरता येत नाही. ज्याला आपण उदारपणा समजतो, तो कायद्याच्या लेखी 'सर्व हक्क राखीव' ठरतो.

दोन परवाने, एक प्रश्न

सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा प्रोग्रॅम. कंपन्या आपल्याला विकतात ते त्याचे फक्त यंत्राला कळणारे रूप. ते चालवता येते, पण आत काय आहे ते वाचता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. सोर्स कोड ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या वस्तूची सत्ता.

मुक्त परवान्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला परमिसिव्ह. एमआयटी, बीएसडी, अपाची हे परवाने त्यात येतात. त्यांचे सार असे : कोड घ्या, बदला, विका, हवे तर बंद करून ठेवा, फक्त आमचे नाव आणि परवान्याचा मजकूर राहू द्या. दुसरा प्रकार कॉपीलेफ्ट. त्यात जीपीएल हा सर्वांत प्रसिद्ध. तो म्हणतो : कोड घ्या, बदला, विका, पण दुसऱ्याच्या हाती देताना तुम्हाला जे हक्क मिळाले तेच हक्क त्यालाही द्या आणि तुम्ही केलेल्या बदलांचा सोर्स कोडही द्या.

जीपीएलमध्ये पैसे घेण्यावर बंदी नाही, हे नीट लक्षात घ्या. "कॉपीलेफ्ट म्हणजे धंदा बंद" हा समज खोटा आहे. बंदी आहे ती पुढच्या माणसाचे हक्क काढून घेण्यावर. म्हणून दोन्ही परवाने स्वातंत्र्याचीच भाषा बोलतात, पण कोणाच्या स्वातंत्र्याची? परमिसिव्ह परवाना कोड उचलणाऱ्याला जास्तीत जास्त मोकळीक देतो. कॉपीलेफ्ट साखळीच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा हक्क राखतो. सगळा वाद इथे आहे.

कुलूप केव्हा लागले?

सुरुवातीला सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तूच नव्हती. यंत्र विकत घेतले की प्रोग्रॅम सोबत येत आणि वापरणारे ते आपापसांत वाटून घेत. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उघड पत्र लिहून आमचा प्रोग्रॅम पैसे न देता वापरणे ही चोरी आहे असे सुनावले. १९८० मध्ये अमेरिकेच्या कॉपीराईट कायद्यात संगणक प्रोग्रॅमचा स्पष्ट समावेश झाला. दहा-बारा वर्षांत वाटून घेण्याची रीत गुन्ह्याच्या रांगेत जाऊन बसली.

याच काळात एमआयटी विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर काम करत होता. प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने लेझर प्रिंटर दिला होता. त्यात कागद अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून, कागद अडकला की संगणकावर सूचना येईल अशी सोय स्टॉलमन यांनी केली होती. नव्याचा सोर्स कोड मात्र मिळेना. तो ज्याच्याकडे होता अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाला ते भेटले. त्याने नकार दिला, कारण गुप्ततेच्या करारावर त्याची सही होती. दुरुस्ती करू शकणारा माणूस समोर आहे, त्याची तयारी आहे, तरी एका सहीमुळे सगळ्यांनी अडकलेला कागद हाताने काढत बसायचे. प्रसंग छोटा, पण व्यवस्थेचा चेहरा दाखवणारा.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ग्नू या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली. जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडली, कारण नोकरीत राहून लिहिलेल्या कोडवर विद्यापीठ हक्क सांगू शकले असते. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभे राहिले.

सद्भावनेला कायद्याचे हाड

कॉपीलेफ्टची कल्पना हवेतून आलेली नाही, ती एका अनुभवातून आली. स्टॉलमन ईमॅक्स हा संपादक नव्याने लिहीत होते. जेम्स गॉस्लिंग यांनी लिहिलेल्या आणि आधी मोकळेपणाने वाटल्या गेलेल्या दुसऱ्या ईमॅक्सचे काही भाग त्यांनी त्यात घेतले. पुढे गॉस्लिंग यांनी आपल्या प्रोग्रॅमचे हक्क युनिप्रेस या कंपनीला विकले आणि कंपनीने हरकत घेतली. स्टॉलमन यांना ते सगळे भाग काढून पुन्हा लिहावे लागले.

यातून धडा हा निघाला की तोंडी परवानगी आणि चांगुलपणा यांवर सामायिक काम टिकत नाही. आज मोकळे असलेले उद्या विकले जाते. मग उपाय काय? कॉपीराईट सोडून द्यावा, तर कोणीही येऊन त्या कामावर कुलूप लावेल. स्टॉलमन यांनी उलटी वाट धरली. कॉपीराईट स्वतःकडे ठेवायचा आणि त्याच्याच बळावर अट घालायची की हे कधीही बंद करता येणार नाही. वंचित करण्यासाठी वापरला जाणारा कायदा त्यांनी वाटण्यासाठी राबवला. 'कॉपीलेफ्ट' हा शब्द त्यांना डॉन हॉपकिन्स या मित्राने पाठवलेल्या पत्रावरच्या एका गमतीच्या ओळीतून मिळाला. १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली, १९९१ मध्ये दुसरी, २००७ मध्ये तिसरी.

बर्कलेची बाजू

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये जन्मली. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे या कंपनीला दूरध्वनीबाहेरचा धंदा करण्याची मनाई होती, म्हणून युनिक्स विद्यापीठांना स्वस्तात मिळाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले केंद्रात तिच्यावर प्रचंड काम झाले. आज इंटरनेट ज्या टीसीपी-आयपी नियमांवर चालते, त्यांची एक पायाभूत अंमलबजावणी बर्कलेनेच १९८३ च्या आवृत्तीतून जगाला दिली. १९८९ मध्ये त्यांनी हा नेटवर्कचा कोड अत्यंत सैल अटींवर खुला केला.

बर्कलेचे तत्त्व साधे होते. हे काम सार्वजनिक पैशातून झाले, तेव्हा ते सगळ्यांचे, कंपन्यांचेसुद्धा. या मोकळीकीमुळे तो कोड झपाट्याने पसरला. प्रत्येक कंपनीने आपापला वेगळा नियम काढला असता तर आजचे एक इंटरनेट उभे राहणे अवघड होते. ही परमिसिव्ह परवान्यांची ऐतिहासिक कमाई आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण पुढचा भागही वाचा. १९८४ मध्ये एटी अँड टी फुटली आणि तिला संगणकाच्या धंद्यात उतरायची मोकळीक मिळाली. स्वस्तात दिलेली युनिक्स आता महाग झाली. १९९२ मध्ये तिच्या उपकंपनीने बर्कलेचा कोड विकणाऱ्या एका छोट्या कंपनीवर आणि नंतर विद्यापीठावरही खटला भरला. विद्यापीठाने उलट दावा केला : आमचा कोड तुम्ही तुमच्या युनिक्समध्ये वापरलात आणि आमचे नाव द्यायची एकमेव अटही पाळली नाहीत! १९९४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी फक्त ३ काढून टाकाव्या लागल्या. दोन वर्षांच्या खटल्याचे हे फळ. ज्यांनी फुकट घेतले, त्यांनीच देणाऱ्याला न्यायालयात खेचले.

परवान्यांची परीक्षा

तत्त्वे सगळीच चांगली दिसतात. त्यांची परीक्षा व्यवहारात होते.

स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट या कंपनीने ग्नूच्या जीसीसी कंपायलरला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड दिली. ती जोड कंपनीला बंद ठेवायची होती. जीपीएल आडवा आला आणि कंपनीला आपला कोड खुला करावा लागला. कोणाच्याही मनपरिवर्तनाची गरज पडली नाही, परवान्याने ते काम केले.

दुसरे उदाहरण घराघरातल्या वायफाय राउटरचे. लिंक्सिस कंपनीच्या एका लोकप्रिय राउटरमध्ये लिनक्स आहे, हे २००३ मध्ये तज्ज्ञांच्या लक्षात आले. लिनक्स १९९२ पासून जीपीएलखाली आहे. मागणी वाढली आणि त्याच वर्षी कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला. त्या कोडच्या पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा समुदाय उभा राहिला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कितीतरी राउटर त्यामुळे आजही सुरक्षित दुरुस्त्यांसह चालू शकतात. साधन विकत घेणाऱ्याला ते खऱ्या अर्थाने आपले करता आले.

आता मिनिक्स. प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही प्रणाली लिहिली. २००० मध्ये ती बीएसडी परवान्याखाली आली. २०१७ मध्ये उघड झाले की इंटेलने आपल्या चिपमधल्या व्यवस्थापन यंत्रणेत मिनिक्स वापरली आहे. ही यंत्रणा संगणकाच्या मालकाच्या नजरेआड चालते. तिच्यात काय बदल केले ते वाचता येत नाही आणि ती सहजी बंदही करता येत नाही. टॅनेनबॉम यांनी इंटेलला उघड पत्र लिहिले. कायद्याने बंधन नव्हते, पण निदान सांगितले असते तर बरे वाटले असते, असा त्याचा सूर होता. परवान्यावर मात्र त्यांची तक्रार नव्हती. शिकवण्यासाठी लिहिलेला कोड वापरणाऱ्यापासून लपलेल्या यंत्रणेचा गाभा झाला आणि यात परवान्याचे काहीही उल्लंघन झाले नाही!

आपल्या खिशातल्या फोनकडे पाहा. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स, म्हणजे जीपीएल. वरचा बराचसा भाग अपाची परवान्याखाली. २०११ मध्ये टॅब्लेटसाठीची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा गूगलने तिचा बहुतांश सोर्स कोड रोखून धरला. बाहेर आले ते जीपीएलसारख्या परवान्यांनी बांधलेले भाग. बाकीच्यासाठी लोकांना त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. एकाच वस्तूत दोन परवाने शेजारी शेजारी आहेत : एकात हक्क आहे, दुसऱ्यात कंपनीची मर्जी. कंपनीने अपडेट बंद केलेला जुना फोन लिनिएजओएससारखे समुदाय चालू ठेवतात, त्यासाठी त्यांना गाभ्याचा कोड लागतो. दर दोन वर्षांनी नवा फोन घेणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही.

कागदावरचा हक्क आणि राबवलेला हक्क

पण जीपीएल लिहिला म्हणजे काम झाले, असे समजू नका. हक्क मागणारे कोणी नसेल तर परवाना हा कागदच राहतो. जर्मनीत हॅराल्ड वेल्टे यांनी उल्लंघने शोधून कंपन्यांना जाब विचारला आणि २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल लागू होतो हे मान्य केले. अमेरिकेत २००७ पासून बिझीबॉक्स या प्रोग्रॅमसाठी खटले उभे राहिले. लिंक्सिस विकत घेणाऱ्या सिस्कोवर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८ मध्ये दावा केला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. पहिल्या मागणीपासून तिथवर पोहोचायला पाचेक वर्षे लागली. त्या काळात टिकून राहिली ती संघटना.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. कोणताही परवाना श्रमाचे मोल देत नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड हा गंभीर दोष सापडला. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्या प्रोग्रॅमवर होती, त्याला वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती. हा प्रोग्रॅम परमिसिव्ह. पण त्याच वर्षी जीपीएलखालच्या बॅशमध्येही शेलशॉक हा दोष निघाला आणि त्याची देखभालसुद्धा एक स्वयंसेवकच करत होता. परवाना कोड बंद होण्यापासून वाचवतो, तो लिहिणाऱ्याचे पोट भरत नाही. त्यासाठी वेगळी लढाई, वेगळी तरतूद लागते.

क्लाउडची पळवाट आणि मालकीचा खरा प्रश्न

जीपीएलची अट लागते ती कोड दुसऱ्याच्या हाती देताना. कंपनीने तो आपल्याच सर्व्हरवर चालवला आणि लोकांना फक्त सेवा विकली तर? देणे झालेच नाही, अटही लागली नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तिच्यानुसार बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरू दिला तरी वापरणाऱ्यांना सोर्स कोड द्यावा लागतो. हा परवाना कोणाला टोचतो पाहा : गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांना एजीपीएलचा कोड वापरायला मनाई केली आहे.

गेल्या काही वर्षांतली भांडणे याच जागी झाली. इलॅस्टिकसर्च अपाची परवान्याखाली होते. अॅमेझॉन त्यावर सेवा विकत होती. २०२१ मध्ये मूळ कंपनीने परवाना बदलून कोड अर्धवट बंद केला, अॅमेझॉनने जुन्या कोडवरून आपली वेगळी आवृत्ती काढली. रेडिसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडला आणि काही दिवसांतच व्हॅल्की ही फुटून निघालेली आवृत्ती उभी राहिली. दोन हत्तींच्या झुंजीत तुडवले गेले ते फुकट योगदान देणारे. पुढे २०२४ मध्ये इलॅस्टिकने आणि २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला. म्हणजे ज्यांनी सैल परवान्याने सुरुवात केली, ते ठेच लागून कॉपीलेफ्टकडे आले.

पण मोंगोडीबीचे उदाहरण सावध करणारे आहे. ते आधीपासून एजीपीएलखाली होते, तरी २०१८ मध्ये कंपनीने परवाना बदललाच. कसा? योगदान देणाऱ्यांकडून कंपनीने करारावर सह्या घेऊन हक्क स्वतःकडे घेतले होते. सगळा कॉपीराईट ज्याच्या हाती, तो मालक परवाना केव्हाही बदलू शकतो. लिनक्सचे तसे होत नाही, कारण तिचा कॉपीराईट हजारो लोकांत विखुरलेला आहे. सगळ्यांची संमती घेणे कोणाही एका कंपनीच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून परवान्याचे नाव पाहण्याआधी मालकी कोणाकडे आहे ते विचारा. कॉपीलेफ्ट अधिक विखुरलेली मालकी, हीच खरी तटबंदी.

मग आपण काय निवडायचे?

कॉपीलेफ्ट ही पोथी नव्हे. स्वतः स्टॉलमन यांनी २००१ मध्ये ऑग व्हॉर्बिससाठी बीएसडीसारख्या परवान्याला पाठिंबा दिला. तेव्हा एमपी३ पेटंटांनी बांधलेला होता आणि त्याला पर्याय म्हणून मुक्त स्वरूप शक्य तितक्या यंत्रांत पोहोचणे जास्त महत्त्वाचे होते. हेतू बदलला की हत्यार बदलते.

आपल्या मराठीतलेही उदाहरण आहे. देवनागरीसाठी वापरले जाणारे लोहित फॉन्ट आधी जीपीएलखाली होते, २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट परवान्याखाली आले. हा परवाना फॉन्टसाठीच घडवलेला आहे. त्या फॉन्टात छापलेल्या पुस्तकावर कसलेही बंधन येत नाही, पण फॉन्टमध्ये बदल करून वाटलात तर तो त्याच परवान्याखाली मुक्त ठेवावा लागतो. मराठी विकिपीडियाचा मजकूरही अशाच 'जसे घेतले तसे द्या' अटीवर आहे. वस्तू कोणती, तिचा वापर कसा होणार, हे पाहून परवाना ठरवायचा असतो.

माझे मत स्पष्ट आहे. नियम किंवा प्रमाणित स्वरूप पसरवायचे असेल, सगळ्यांनी, अगदी विरोधकांनीही ते वापरावे असे वाटत असेल, तर परमिसिव्ह परवाना घ्या. त्यातही अपाची घेतला तर पेटंटबाबतचे संरक्षण मिळते. पण लोकांच्या सामूहिक श्रमातून उभे राहणारे साधन असेल, मग ते वस्तीच्या सर्वेक्षणाचे असो, शिष्यवृत्तीची माहिती देणारे असो की वाचनालयाच्या नोंदीचे, तर जीपीएल घ्या. ते सर्व्हरवर चालणारे असेल तर एजीपीएल घ्या. एखादी कंपनी "हा परवाना बदला, मग आम्ही वापरू" म्हणाली, तर तिला नेमके काय हवे आहे ते विचारा. वापरण्याची मोकळीक तिला आहेच. तिला हवी असते ती परत न देण्याची मोकळीक.

आणि चार गोष्टी आजच करा. रकाना रिकामा ठेवू नका. योगदानाच्या करारावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. नोकरीत लिहिलेल्या कोडवर सहसा मालकाचा हक्क असतो, म्हणून चळवळीचे काम स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या यंत्रावर करा. आणि परवाना पाळला जातो की नाही हे बघणारी दोन-चार माणसे संघटनेत नेमून ठेवा.

देणाऱ्याचे मन मोठे असावे, यात वाद नाही. पण दिलेले शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते की वाटेत कोणाच्या तिजोरीत अडकते, हे पाहण्याची जबाबदारीही देणाऱ्याचीच आहे.